धूम्रपानबंदी: ग्रामपंचायत, जिनिंग, ढाबा, एसटी थांबा. कुठे लागते आणि लावायची कोणी?

पळसपान | सोमवार, सकाळी ९:१०

मंडळी, माहितगारांकडून उत्तर हवं आहे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यातलं मध्यम गाव धरा. एकाच आवारात दुमजली ग्रामपंचायत (वर सभागृह), आपले सरकार सेवा केंद्र, वाचनालय आणि समाजमंदिर. आवाराबाहेर पार, पाराला लागून पानठेला, समोर एसटीचा थांबा. शिवेवर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना), हायवेला ढाबा. ग्रामसभेत 'सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद' असा ठराव झाला, टाळ्या पडल्या, इतिवृत्तात नोंद झाली. पुढे काय?

कायदा यातल्या कोणत्या जागांना लागतो, पाटी कशी हवी आणि पावती फाडायचा अधिकार कोणाला, एवढं सांगा. 'प्रबोधन करा' हे उत्तर नको, ते ग्रामसभेतच मिळालं.

कलमदान | सकाळी ९:५२

ठराव चांगला, पण बंदीला ठराव लागत नाही. ती आधीच आहे. सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने अधिनियम, २००३ (सगळे 'कोटपा' म्हणतात), कलम ४. १ मे २००४ पासून लागू. मूळ व्याख्येत रुग्णालयं, न्यायालयं, शाळा, वाचनालयं, सार्वजनिक कार्यालयं, उपाहारगृहं, प्रवासी वाहनं अशी यादी होती आणि शेवटी 'मोकळी जागा वगळून' असं शेपूट. कामाची ठिकाणं नावानिशी आली ती २००८ च्या नियमांत, २ ऑक्टोबर २००८ पासून. मंगल कार्यालयं, कॅन्टीन, सिनेमागृहं, बार हेही तेव्हाच. त्याच नियमांनी शेपूटही कापलं: खुलं प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बसथांबा अशा लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा 'मोकळी जागा' धरायच्या नाहीत.

तेव्हा आवारातल्या चारही इमारतींना लागू. जिनिंगला कामाचं ठिकाण म्हणून लागू, ढाब्याला उपाहारगृह म्हणून, थांब्याला थेट नाव घेऊन. पाराबद्दल वाद घालता येतो. ठेल्याचं तो कुठे उभा आहे त्यावर.

डवरा | सकाळी १०:०५

थांबा म्हंजे लिंबाचं झाड अन् त्याले ठोकलेली पाटी. लिंबाखाली बिडी ओढली त गुन्हा, अन् पाच पावलं शेताच्या धुऱ्यावर गेला त मोकळा. वा रे कायदा!

कलमदान | सकाळी १०:११

@डवरा, हसण्यावारी नेलंत, पण कायद्याच्या भाषेत ते बरोबरच आहे.

सातबारा | सकाळी १०:३०

इतिहासाची एक ओळ: कायद्याच्या आधी न्यायालयं पुढे गेली होती. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. न ओढणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का खावा, हा मुद्दा होता. त्यामुळे 'ओढणाऱ्याचं स्वातंत्र्य' वगैरे वाद इथे उकरू नये ही विनंती. तो पंचवीस वर्षं जुना आहे.

चावडीवाचक | सकाळी १०:४१

वाद उकरत नाही, पण विचारतो. बांधावर राबून आलेला म्हातारा पारावर टेकून एक बिडी पेटवतो. त्याला दोनशे रुपये, म्हणजे दिवसाच्या मजुरीतला मोठा तुकडा. आणि साहेब लोक गाडीच्या काचा लावून आत ओढतात. कायदा नेहमी बिडीलाच कसा सापडतो?

कलमदान | सकाळी ११:०२

@चावडीवाचक, म्हणूनच दंडापासून सुरुवात करू नये. कलम २१ मधला दंड '२०० रुपयांपर्यंत' आहे, २०० च नाही. पन्नासही चालतात. आणि २००८ चे नियम मुळात ओढणाऱ्याकडे बोट दाखवत नाहीत, जागा ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे दाखवतात. मालक, व्यवस्थापक, प्रभारी यांनी चार गोष्टी करायच्या: कोणी ओढणार नाही हे पाहायचं, प्रत्येक प्रवेशद्वारी आणि मजल्यावर पाटी लावायची, राखदाणी-माचिस-लायटर यातलं काही पुरवायचं नाही, आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव ठळक लिहायचं. तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्याच माथी. सभागृहात सहा जण ओढत होते, तक्रार झाली, साहेब फाइलीतच पाहत राहिले, तर सहा गुणिले दोनशे, बाराशेपर्यंत.

पारावरच्या म्हाताऱ्याआधी हा माणूस पकडा.

रंगारी_अण्णा | सकाळी ११:२०

पाटीचं मी सांगतो, कारण दहातल्या नऊ पाट्या चुकीच्या असतात.

किमान माप ६० सेंमी बाय ३० सेंमी, पांढरी पार्श्वभूमी. वर्तुळाचा बाहेरचा व्यास १५ सेंमीपेक्षा कमी नको, लाल कड ३ सेंमीपेक्षा बारीक नको. आडवा लाल पट्टा कडेइतकाच रुंद. मधोमध सिगारेट किंवा बिडी, धूर काळा. मजकूर: 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.' इंग्रजी किंवा एक भारतीय भाषा चालते, म्हणजे मराठी एकटी पुरे.

आता गंमत पाहा. १५ मधून दोन्हीकडची कड वजा केली की आत ९ सेंमी उरतात. त्यातून ३ सेंमीचा पट्टा गेला की पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंमी. चित्र मावत नाही म्हणून पेंटर कड बारीक करतो आणि पाटी नियमात बसत नाही. उपाय सोपा: वर्तुळ २० सेंमीचं घ्या. १५ हे किमान आहे, कमाल नाही. आणि गावात सिगारेट काढू नका, बिडी काढा. सिगारेटचं चित्र पाहून बिडीवाला म्हणतो, 'हे साहेबायसाठी हाय.'

फ्लेक्स लावू नका. एप्रिल-मेच्या उन्हात लाल रंग आधी उडतो, म्हणजे नेमकी मनाईची रेघच जाते आणि खाली नुसती धुराची बिडी उरते. जाहिरातच की! लोखंडी पत्र्यावर रेड ऑक्साइड, वर पांढऱ्या एनॅमलचे दोन हात, मग अक्षरं.

डवरा | सकाळी ११:२६

'नुसती धुराची बिडी उरते' 😂 अशा पाट्या हायेत राजेहो, सरकारी दवाखान्यात बी हायेत.

झाडीपट्टी | दुपारी १२:१५

सगळं खरं, पण तुम्ही चुकीच्या रोगावर औषध देत आहात. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. नागपूरच्या पूर्वेला तर खर्राच खर्रा (सुपारी-चुना-तंबाखू पन्नीत घासून केलेला). ग्रामपंचायतीच्या जिन्यात धूर नसतो, कोपरे लाल असतात. 'धूम्रपान' या शब्दात खर्रा येतो का? येत नाही. मग पाटीखालीच उभं राहून पन्नी घासणारा माणूस पूर्ण कायदेशीर!

कलमदान | दुपारी १२:४०

@झाडीपट्टी, अर्धं बरोबर. कलम ४ फक्त धुराला. खर्रा तिथे बसत नाही. पण पूर्ण कायदेशीरही नाही, वेगळ्या दोन दारांनी येतो.

पहिलं दार अन्नसुरक्षेचं. गुटखा, पानमसाला, सुगंधित तंबाखू यांवर राज्यात अन्नसुरक्षा आयुक्तांच्या आदेशाने बंदी आहे. २०१२ पासून हे आदेश निघत आले आहेत. खर्ऱ्यात सुपारी, चुना आणि सुगंधित तंबाखू पडतो, म्हणून विकणारा त्यात अडकतो. पण ती कारवाई अन्न व औषध प्रशासनाची किंवा पोलिसांची. सरपंचाने ठेल्यावरचा माल उचलायला जाऊ नये.

दुसरं दार तुमच्या कामाचं: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११६. न्यायालय, पोलीस ठाणं, सरकारी इमारत किंवा सार्वजनिक संस्थेची इमारत यात सक्षम अधिकाऱ्याने लावलेल्या सूचनेविरुद्ध धूम्रपान केलं किंवा थुंकलं, तर गुन्हा. इथे सूचना लावलेली असणं ही अटच आहे. सूचना नाही तर गुन्हा नाही. म्हणून धूम्रपानाच्या पाटीशेजारी 'या इमारतीत थुंकण्यास मनाई' अशी सही-शिक्क्याची वेगळी सूचना लावा. दोन्ही मजकूर एकाच ६०×३० पाटीत कोंबू नका, रंगारी अण्णा रडतील.

रंगारी_अण्णा | दुपारी १२:४४

रडेनच.

मोहफूल | दुपारी १:०५

खर्ऱ्याच्या बाजूने, म्हणजे खर्ऱ्याविरुद्धच्या बाजूने, एक नोंद. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान दारू आणि तंबाखू दोन्हींवर काम करतं. गाव संघटना, ठेल्यांवर नजर आणि व्यसन सोडू पाहणाऱ्याला मदत, हे तिथे जोडीने चालतं. नुसती पाटी लावून तिकडेही भागलं नाही.

आणि तिरोडा-तुमसर बाजूच्या लोकांना विचारा, बिडीवर किती चुली पेटतात. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात ग्रामसभेच्या हातात रोख पैसा आणतो. त्याच ग्रामसभेने बिडीबंदीचा ठराव घ्यायचा, ही आपल्याकडची खास मजा.

सातबारा | दुपारी १:१८

@मोहफूल, पत्ता तोडायला मनाई नाही, बिडी वळायला मनाई नाही, घरी ओढायलाही मनाई नाही. सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याच्या तोंडावर ओढायला मनाई आहे. गल्लत करू नका.

वाळ्याची_ताटी | दुपारी २:१०

धुराचं तांत्रिक अंग कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. विदर्भात मार्च ते जून प्रत्येक कार्यालयात खिडकीला कूलर. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. तीन बाजूंना ताट्या, पंपाने त्यावर पाणी, आतला पंखा हवा खेचतो. आता ओढणारा माणूस 'मी बाहेर जातो' म्हणून कुठे उभा राहतो? सावलीत. सावली कुठे? कार्यालयाच्या मागच्या भिंतीला, कूलरच्या पाठीशी. तिथे पाण्याचा गारवाही असतो. त्याने पेटवली की धूर ताटीतून सरळ आत, पंख्याच्या जोराने, सगळ्या खोलीभर. वर कूलर तो धूर सगळ्यांना समान वाटून देतो.

ओली ताटी धूर गाळते हा गैरसमज आहे. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, लाकडी लोकरीच्या ताटीतून सहज पार होतात. वास थोडा दबतो, तेवढंच. वाळा लावला तर वास आणखी दबतो आणि कळणंही बंद होतं.

केंद्राच्या नियमांत दारा-खिडकीपासून किती फुटांवर ओढावं असा आकडा नाही. पण आपल्या आवारापुरती शिस्त प्रभारी लावू शकतो. कूलरच्या बाजूची भिंत पूर्ण मनाईत धरा, पाटी तिथेही लावा. दुसरा उपाय म्हणजे बसायचा दगड किंवा बाकडं तिथून उचला. बसायला जागा नसली की माणूस टिकत नाही.

पळसपान | दुपारी २:३२

@वाळ्याची_ताटी, हे डोक्यात आलंच नव्हतं. सेवा केंद्राचा कूलर बरोबर पाराच्या बाजूला आहे, म्हणजे पाराचा धूर थेट ऑपरेटरच्या तोंडावर. एक्झॉस्ट फॅन बसवला तर?

वाळ्याची_ताटी | दुपारी २:५०

बिघडेल. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर टाकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. कूलर चालू असताना ती कूलरमधूनच येणार, म्हणजे पाराची हवा आणखी जोरात खेचली जाईल. कूलर दुसऱ्या खिडकीला हलवा. लोखंडी स्टँड आणि पाण्याची नळी बदलायचा खर्च, बाकी काही नाही.

बाजेवरचा | दुपारी ३:१५

ढाब्याचं कोणी बोलेना. ढाबेवाले म्हणतात, तीस माणसं बसतात तिथे ओढायला परवानगी आहे. खरं का? आणि एका बाजेवर किती सीट धरायच्या? चार बसतात, जेवल्यावर एकच झोपतो.

कलमदान | दुपारी ३:४०

@बाजेवरचा, ही सर्वांत जास्त ओढूनताणून वापरलेली सवलत. तीस किंवा जास्त माणसांची बैठक असलेलं उपाहारगृह, तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, आणि विमानतळ. यांनाच वेगळी धूम्रपान-खोली करता येते. 'करता येते', म्हणजे सगळ्या ढाब्यात ओढता येत नाही. त्या खोलीला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि ते एरवी बंदच, आतली हवा थेट बाहेर, इमारतीच्या इतर भागात परत मिसळायची नाही, आणि आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तर हवा आत शिरावी, धूर बाहेर येऊ नये. खोली ये-जा करायच्या दारापाशी नको. 'धूम्रपान क्षेत्र' अशी पाटी. आणि त्या खोलीत दुसरी कोणतीच सेवा नाही. चहासुद्धा नाही.

टिनाच्या शेडखाली बाजा टाकलेल्या ढाब्याला भिंतीच नाहीत, तर खोली कुठली? आणि जिनिंग, कारखाना, कार्यालय, मंगल कार्यालय यांना ही सवलत नाहीच, शंभर खुर्च्या असल्या तरी.

बाजेवरचा | दुपारी ३:४४

चहा नाही, तर ती खोली काय कामाची? 😀

डवरा | दुपारी ३:५०

अन् लग्नात ताट फिरते त्याचं काय? पानसुपारी, बडीशेप, अन् मंधात बिडीचा कट्टा अन् माचिस. व्याह्याले बिडी नाई देल्ली त मानपान राह्यते काय?

कलमदान | दुपारी ४:०२

मंगल कार्यालयात ते ताट म्हणजे माचिस 'पुरवणं' झालं. जबाबदारी कार्यालय चालवणाऱ्याची. त्याने बुकिंगच्या पावतीवर एक ओळ छापली की व्याही त्याच्यावर रुसतील, तुमच्यावर नाही.

सरकी | सायंकाळी ५:२०

आता जिनिंगचं लिहितो, कारण तिथे दोनशे रुपयांचा प्रश्नच नाही.

कापसात ठिणगी पडली की ज्वाळा लगेच दिसत नाही. गंजीच्या आत ती धुमसत राहते, हवा कमी असली तरी. वरून पाहिलं तर काहीच नाही. काही तासांनी, कधी रात्रीतून, एका बाजूने धूर येतो आणि तोवर आतला भाग गेलेला असतो. गाठ बांधल्यावर तर दाबलेल्या रुईत ती कित्येक दिवस धुमसू शकते. वरून पाणी मारून उपयोग होत नाही, पाणी वरच्या थरावरून ओघळतं. गंजी फोडून, पसरून, जळका भाग वेगळा काढावा लागतो.

दुसरा धोका नळाचा. अंगणातल्या गंजीपासून मशीनपर्यंत कापूस बऱ्याच ठिकाणी हवेच्या नळाने ओढून नेतात. धुमसणारं बोंड त्या नळात गेलं की पंख्याची हवाच त्याला फुंकर घालते आणि ते पुढच्या रोलरवर, तिथून रुईच्या खोलीत. म्हणून ठिणगी दिसली की पाण्याकडे धावायच्या आधी पंखा आणि नळाची ओढ बंद करायची. नवा मजूर नेमकं उलट करतो.

प्रामाणिकपणे, सगळ्या आगी बिडीच्या नसतात. कापसात आलेला खडा, नट, तारेचा तुकडा रोलरवर घासून ठिणगी उडते. ट्रॅक्टरचा सायलेन्सर, सैल वायरिंगही कारण असतं. पण ती थांबवायला पैसा लागतो. बिडी थांबवायला फक्त गेटवरचा माणूस लागतो.

चावडीवाचक | सायंकाळी ५:४१

@सरकी, गेटवरच्या माणसाचं ठीक. पण हंगामात शेतकरी रात्र-रात्र गाड्या घेऊन रांगेत असतात. थंडी, भाव कोसळायची धास्ती, वजनकाट्यावर खोळंबा. त्यात 'ओढू नको' म्हणणार? तो गाडीतल्या कापसावर बसूनच ओढेल.

सरकी | सायंकाळी ६:०५

म्हणूनच त्याला जागा दाखवायची, आवाराबाहेर. गेटपासून आणि गाड्यांच्या रांगेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, उघड्यावर. तिथे वाळूची बादली. आवारात बादली ठेवली तर ती राखदाणी ठरते आणि नियम मोडतो, बाहेर ठेवली तर थोटूक विझवायची सोय. हा फरक निरीक्षक आल्यावर कामी येतो.

आणि बिडीचा एक गुण लक्षात ठेवा. तेंदूचं पान कागदासारखं हवा खेळू देत नाही. बिडी सतत ओढली नाही तर विझते. सिगारेट हातात धरली तरी जळत राहते, बिडीला पुन्हा पुन्हा माचिस लागते. त्यामुळे अर्धी बिडी कानावर ठेवून माणूस आत येतो, विझली आहे असं समजून. कधी टोकाला लाल कण असतो, कधी तो आत जाऊन पुन्हा पेटवतो. गेटवर बिडी काढून घ्यायची गरज नाही, भांडण होतं. माचिस आणि लायटर काढून घ्या, टोकन द्या, जाताना परत. माचिस नसलेला बिडीवाला सगळ्यात निरुपद्रवी प्राणी.

कोळशीट | सायंकाळी ६:२२

@सरकी, +१. भूमिगत कोळसा खाणीत हेच तत्त्व आहे. खाली उतरण्याआधी झडती. बिडी, माचिस, लायटर काहीही खाली न्यायला मनाई. तिथे मिथेन असतो, त्यामुळे कोणी वाद घालत नाही. चंद्रपूर-वणीकडच्या माणसाला जिनिंगच्या गेटवर हे समजावून सांगावं लागत नाही.

मोहफूल | सायंकाळी ६:४०

माचिसवरून ठेला आठवला. ठेल्याच्या खांबाला जळती सुतळी लोंबत असते ती? किंवा दोरीला बांधलेला लायटर?

कलमदान | सायंकाळी ७:०५

ठेला थांब्याच्या किंवा बसस्थानकाच्या हद्दीत असेल, तर ती सुतळी म्हणजे धूम्रपानाची सोय पुरवणं, सरळ नियमभंग. हद्दीबाहेर मोकळ्या रस्त्यावर असेल तर वाद आहे. पण ठेल्याला इतर कलमं पुष्कळ. कलम ६: अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नाही. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत. रस्त्याने वळणं घेत मोजायचं नाही. तीस मीटरचा टेप तीनदा टाका, वर दीड मीटर. ठेलेवाला नेहमी शाळेच्या मुख्य दारापासून मोजतो आणि वाचतो. कुंपणाच्या जवळच्या कोपऱ्यापासून मोजलं की अडकतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवरही बंदी आली. आणि लहान मुलाला तंबाखू दिला तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७७ आहे, सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दोनशे रुपयांना हसणारा ठेलेवाला या कलमाला हसत नाही.

पळसपान | रात्री ८:१५

बरंच मिळालं. मूळ प्रश्नातला एक भाग राहिला: पावती कोण फाडू शकतं?

कलमदान | रात्री ८:५०

२००८ च्या नियमांच्या अनुसूचीत, नंतरच्या दुरुस्तीसह, लांब यादी आहे. तुमच्या कामाचे लोक: सरपंच आणि ग्रामपंचायतीचा सचिव (ग्रामसेवक, आता ग्रामपंचायत अधिकारी), गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपनिरीक्षक आणि वरचे पोलीस. शाळेत मुख्याध्यापक व शिक्षक, वाचनालयात ग्रंथपाल, खासगी कामाच्या ठिकाणी संस्थाप्रमुख किंवा प्रशासनप्रमुख, म्हणजे जिनिंगमध्ये व्यवस्थापक स्वतः. एसटीत वाहक.

पावती पुस्तक जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाकडे मागा. साध्या कागदावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर पैसे घेऊ नका, पुढे लेखापरीक्षणात गळ्याशी येतं. पावतीवर नाव, पत्ता, ठिकाण, वेळ, कलम, रक्कम, सही. ही रक्कम ग्रामनिधीत टाकून मोकळं व्हायचं नाही. भरणा कोणत्या लेखाशीर्षाखाली करायचा ते कक्षाकडून लेखी घ्या.

माणूस पैसे देत नाही म्हणाला तर हुज्जत नको, हात तर अजिबात लावू नका. कलम २५ प्रमाणे त्याने नाव-पत्ता दिला आणि समन्स आल्यावर हजर होईन असं पटवलं, तर त्याला अडवता येत नाही. नोंद करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, पोलिसांत द्या.

डवरा | रात्री ९:०१

अन् सरपंचाचा सासराच ओढत असन त?

कलमदान | रात्री ९:०४

तर सचिवाने फाडायची. म्हणून तर यादीत दोघं आहेत.

झाडीपट्टी | रात्री ९:२०

आणि सोडू इच्छिणाऱ्याला राष्ट्रीय क्विटलाइन द्या, १८००-११-२३५६, टोल फ्री. पाटीच्या शेजारी लिहा. खर्रेवाल्यालाही चालते.

रंगारी_अण्णा | रात्री ९:३५

@पळसपान, भिंतीवर थेट रंगवायचं मनात असेल तर चुन्याच्या भिंतीवर एनॅमल धरत नाही, पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे निघतात. चुना खरवडून, प्रायमर, मग रंग. पत्राच बरा.

तक्रारीच्या माणसाचं नाव मूळ पाटीवर रंगवू नका. सचिवाची बदली होते आणि पाटीवर तीन माणसांपूर्वीचा साहेब राहतो. खाली ६० बाय ८ ची वेगळी पट्टी दोन स्क्रूंवर बसवा, बदली झाली की तेवढीच नवी. दारं मोजलीत का?

पळसपान | रात्री ९:४८

ग्रामपंचायतीचं दार एक, जिना एक, वरचा मजला एक, सेवा केंद्र एक, वाचनालय एक, समाजमंदिर एक. सहा. कूलर हलवणार, त्यामुळे त्या भिंतीची वगळली.

रंगारी_अण्णा | रात्री ९:५२

समाजमंदिराला मागून दार नाही? स्वयंपाकाच्या बाजूने?

पळसपान | रात्री ९:५५

आहे. जास्त तिथूनच ओढतात.

रंगारी_अण्णा | रात्री ९:५६

मग सात.